आमच्या शहरात पेंढा नव्हता

संशय आमच्या घरात पिढीजात आहे. बाबा नारळ घेताना तो कानाशी धरून हलवायचे, मग दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचे, आणि दुकानदार हसला तर नारळ परत ठेवायचे. न मागता कोणी मदत केली की या माणसाला आपल्याकडून काय हवंय, याचा ते दोन दिवस विचार करायचे. मी त्यांची एकुलती एक मुलगी. आई लवकर गेली, त्यामुळे हा सगळा वारसा मला एकटीला मिळाला.

आम्ही नायगावला राहायचो. बाबा रेल्वेच्या पार्सल खात्यातून निवृत्त झाले होते आणि मी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. खाली फर्निचरचा गाळा, वर आमचं ऑफिस. दिवसभर लाकूड कापायचा आवाज आणि जिन्यावर भुसा. मोबाइलला नुकते कॅमेरे येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. बाहेर कसलीही पाटी नव्हती, कारण आत काय चालतं ते कोणाला कळू नये अशी अटच होती.

आत व्हिडिओ गेम बनायचा. आख्खा नव्हे. एक परदेशी कंपनी तो बनवत होती आणि त्यातलं शहर बांधायचं काम आमच्याकडे होतं. घरं, गल्ल्या, पूल, दिव्याचे खांब. बांधणारे वेगळे होते, मी तपासणारी. कॉम्प्युटरवरच्या त्या अर्धवट शहरात मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत भटकायचे, भिंतींना धडका द्यायचे, जिने चढायचे, कुठे माणूस कोपऱ्यात अडकतो आणि कुठे रस्त्यातून थेट खाली पडतो ते शोधायचे. गेमचं खरं नाव आम्हालाही सांगितलेलं नव्हतं. आम्ही त्याला नुसतं 'शहर' म्हणायचो.

त्या मालिकेतले आधीचे सगळे गेम जंगलात घडायचे. हा पहिल्यांदाच समुद्राकाठच्या, हळूहळू बुडत चाललेल्या शहरात घडणार होता आणि जगाला नेमकं हेच कळू द्यायचं नव्हतं. जगभरची गेमवेडी मंडळी पुढचा गेम कुठे घडणार यावर इंटरनेटवर भांडत होती, आणि उत्तर फर्निचरच्या गाळ्यावर होतं. आम्ही कागदांवर सह्या केल्या होत्या. फोन दारातल्या प्लास्टिकच्या टोपलीत ठेवायचे. कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लागू नये म्हणून त्याची भोकं खालच्या सुतारांकडची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेली. वॉचमन जाताना डबा उघडून बघायचा. घरी विचारलं तरी तोंडात मिठाची गुळणी.

घरी विचारणारे बाबा होते, म्हणून अडचण.

"व्हिडिओ गेमचं काम आहे," मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"दाखव."

"दाखवता येत नाही."

"नाव सांग."

"सांगता येत नाही."

बाबांनी मान डोलावली. बेवारस पार्सल समोर आल्यावर ते कशी मान डोलावत असतील ते मला तेव्हा दिसलं. दुसऱ्या दिवशी ते स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले आणि तिथल्या माणसाला विचारून आले की वसईत व्हिडिओ गेम बनतात का. तो म्हणाला, काका, ते जपान-अमेरिकेत बनतात, वसईत केळी होतात. बाबांनी हे मला जेवताना सांगितलं, आणि माझ्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघत राहिले.

एकदा दुपारी मी ऑफिसच्या खिडकीशी उभी होते. समोर रस्त्यापलीकडे, चहाच्या टपरीच्या बाकावर बाबा बसलेले. हातात वर्तमानपत्र, डोळे आमच्या दारावर. मुलगी खरंच इथे येते का, आणि येते तर इथून कुठे जाते, हे बघायला ते नायगावहून आले होते. मला संताप आला. त्याहून जास्त वाईट वाटलं. मी खाली गेले नाही, त्यांनाही कधी बोलले नाही. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. बाबांना एकदा दाखवायचं की मी काय करते.

ते शक्य होईल असं एके दिवशी सरांनीच सांगितलं. सर म्हणजे आमचे मालक, अंधेरीचं भाडं परवडेना म्हणून सगळा संसार वसईला घेऊन आलेले. त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि म्हणाले की क्लायंट एकदाचा कबूल झालाय. गेमच्या शेवटी पडद्यावर नावं सरकतात ना, त्यांत या वेळी आपली नावं असतील. प्रत्येकाचं. आजवर आमच्यासारख्या बाहेरून काम करणाऱ्यांना कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर पुढे म्हणाले, "एक गोष्ट मात्र बाहेर गेली, तर नावं विसरा." तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्या रात्री मी बाबांना म्हटलं, "थांबा थोडं. लवकरच दाखवते. माझं नाव दिसेल तुम्हाला त्यात."

"बघू," बाबा म्हणाले.

शहराची निम्म्याहून जास्त घरं एकाच माणसाने बांधली होती. तो भुईगावचा, तिथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला, माझ्याच वयाचा. दुपारचा डबा आम्ही दोघं एकत्र खायचो. त्याच्या भिंती बघत राहाव्यात अशा असायच्या. खारी हवा खाल्लेला चुना कसा फुगतो आणि मग कसा गळतो, ते त्याला कळत होतं. मी त्याच्या घरांत चुका काढायचे आणि तो निमूटपणे दुरुस्त करायचा. ऑफिसात ज्याच्यावर माझा संशय नाही असा तो एकटाच होता.

नाताळ जवळ आला तसा तोही राहिला नाही.

सगळ्यांत शेवटी निघणारा माणूस संध्याकाळ झाली की पहिला निघायला लागला. नव्या मॉनिटरच्या खोक्यांमधलं थर्माकोल उचलून न्यायला लागला. कशाला, तर म्हणे आईला हवंय. आईला खोकं भरून थर्माकोल कशाला हवं, हे मी विचारलं नाही, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. बोटांवर ब्लेडचे चरे, नखांत करडा रंग. टोपलीतून फोन उचलून तो जिन्यात जायचा आणि हळू आवाजात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचा. ऑफिसात तो आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचा, पण ती बोली मला एक अक्षर कळत नाही. मी दिसले की भिंतीकडे वळायचा.

"काय चाललंय तुझं?" एकदा डबा खाताना मी विचारलं.

"घरचं काम."

"कसलं?"

"घरचं," तो म्हणाला आणि भाकरीत लक्ष घातलं.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं काम घेतलंय. सरांना मात्र बोलले नाही. संशयी माणूस चुगलखोर असतो असं लोक समजतात, ते खरं नाही. चुगलखोराला ऐकीव गोष्ट पुरते, संशयी माणसाला पुरावा लागतो.

त्याच सुमाराला क्लायंटने जगाला एकच चित्र दाखवलं. धुक्यात अर्धा बुडालेला एक दरवाजा. बास. आत काय आहे ते गुलदस्त्यात. आणि नाताळ होऊन थोडे दिवस गेले नाहीत, तोच सरांनी सगळ्यांना बोलावून एक छापलेला फोटो भिंतीवर चिकटवला. कुठल्याशा परदेशी साइटवर आला होता. तोच दरवाजा, आणि या वेळी धुकं नाही. आत गल्ल्या, पूल, पाण्यात उतरणाऱ्या पायवाटा, आणि शेवटी कललेलं दीपगृह. आख्खं शहर. खाली हजारो लोकांची बडबड, की गेम समुद्राकाठी घडणार, हे बघा.

"हे आपल्याकडून गेलंय का?" सरांनी विचारलं.

सगळे फोटोकडे बघत होते. मी पुढे जाऊन दीपगृह बघितलं. त्याला दोन खिडक्या होत्या. क्लायंटने नंतर त्यातली एक बुजवायला सांगितली होती आणि ती बुजवण्याआधीचं शहर फक्त आमच्या गाळ्यावर होतं. मी तसं सांगितलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

पुढचे दिवस वाईट गेले. चहाला कोणी जोडीने उठेना. ज्याच्याकडे सगळ्या मशिनांचे पासवर्ड असायचे, त्याच्याशी बोलताना लोक आवाज खाली आणायला लागले. दुसऱ्या गेम कंपनीतून नुकत्याच आलेल्या एकाला कोणी डब्यात वाटा देईना. मी जेवून आले तर माझा खण अर्धवट उघडा होता, आणि मी तो नेहमी पूर्ण बंद करते. म्हणजे माझ्यावरही संशय होता. मला राग यायला हवा होता, पण मनात आलं की सरांच्या जागी मी असते तर मीही खण उघडलाच असता. घरी बाबांनी माझं तोंड बघून विचारलं, "काढलं का कामावरून?" ते आशेने विचारतायत की काळजीने, ते मला कळलं नाही.

मी तो फोटो माझ्या पडद्यावर मोठा करून बघत बसायचे. काहीतरी खटकत होतं. भिंती बरोबर होत्या, उजेड चुकत होता. आमच्या शहरात उजेड समुद्राकडून यायचा, इथे तो वरून पडत होता, ट्यूबलाइटसारखा. आणि डाव्या कोपऱ्यात खाली पिवळसर रेघा होत्या. सगळ्यांना त्या फोटोवरचे ओरखडे वाटले होते. मी आणखी मोठं केलं. ओरखडे नव्हते. पेंढा होता.

आमच्या शहरात पेंढा नव्हता. त्यात घोडे नव्हते, गाई नव्हत्या, शेत नव्हतं. मी त्या शहराची गल्लीन्‌गल्ली तुडवली होती, पेंढ्याची एक काडी असती तर मला माहीत असती. आणि वसईत डिसेंबर महिन्यात पेंढ्यावर काय ठेवतात हे कोणालाही ठाऊक असतं. लहानपणी बाबा मला स्कूटरवरून गोठे बघायला न्यायचे. नाताळात प्रत्येक आळीचा आपला गोठा असतो, आणि आळ्या-आळ्यांत त्याची स्पर्धा लागते. पुढे पेंढ्यावर बाळ येशू, बाजूला मारिया आणि योसेफ, मेंढरं, आणि त्यांच्यामागे दरवर्षी नवा देखावा. कुठे धबधबा, कुठे आख्खा डोंगर. आणि यंदाचा देखावा काय आहे, हे नाताळच्या आदल्या रात्रीच्या चर्चमधल्या मिस्सेपर्यंत बाजूच्या आळीला कळू द्यायचं नाही. त्यासाठी साड्यांचे पडदे लावतात, पोरांना शपथा घालतात. आमच्या क्लायंटने येऊन शिकून जावं असा तो बंदोबस्त असतो.

रविवारी दुपारी मी स्कूटी काढली. होळी गावातल्या भाजीच्या वाड्या मागे टाकून भुईगावच्या अरुंद गल्ल्यांत शिरले, तेव्हा पहिल्याच वळणावर मला वाटलं की मी इथे आधी येऊन गेलेय. डावीकडे कठडा, मग विहीर, मग एकदम उतार. पुढे काय येणार ते मला माहीत होतं.

गोठ्यापुढे खुर्ची टाकून एक म्हातारी बाई बसली होती. शेजारी पाटी, निकाल लागेपर्यंत फोटो काढू नये.

"कुठून आली गं बाय?" तिने विचारलं.

"नायगावहून."

"तिथं कोणाची? का या बाजूच्या आळीनं पाठवलं?"

"बाजूच्या आळीत मी कोणाला ओळखत नाही. आम्ही बिल्डिंगमध्ये राहतो."

तिला पटलं नाही. तिने पायाशी असलेली बांबूची टोपली पुढे सरकवली. "फोन ठेव यात. जाताना घे."

मी फोन काढून टोपलीत ठेवला. सवय होती.

आणि मग मी बघितलं. शहर होतं. माझ्या छातीएवढं उंच, मागच्या भिंतीपर्यंत पसरलेलं, थर्माकोलचं, करड्या रंगाचं, चुना फुगलेला आणि गळालेला. दोन खिडक्यांचं दीपगृह. गल्ल्यांच्या टोकाला निळ्या कागदाचं पाणी. पुढे पेंढ्यावर बाळ येशू हात पसरून झोपलेला. फोटोतून त्यालाच कापून टाकलेलं होतं. मला संताप आलाच होता, पण आधी वेगळंच वाटलं. दोन वर्षं ज्या शहरात मी काचेआडून भटकत होते, ते पहिल्यांदाच माझ्या समोर उभं होतं.

तो मागून वायरचं भेंडोळं घेऊन आला आणि मला बघून थांबला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गोठा."

"मला गोठा शिकवू नकोस. भिंतीवरचा फोटो बघून तू ओळखलं नाहीस?"

"त्याच क्षणी ओळखलं." तो खाली बघत म्हणाला. आखातातून सुट्टीवर आलेल्या त्याच्या चुलतभावाने घरचा माणूस म्हणून फोटो काढला होता आणि कौतुकाने मित्रांना पाठवला होता. त्यातला कोणी गेमवेडा निघाला. त्याने खालचा येशू कापला आणि दरवाजापासून वरचं जगाला दाखवलं.

"मग बोलला का नाहीस? तिथे आम्ही सगळे एकमेकांचे खण तपासतोय!"

"सहा जानेवारीला तीन राजांचा सण, त्यानंतर सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर सरांनी हे मोडायला लावलं असतं. बाळाला एकदा ठेवलं की तीन राजांपर्यंत हलवत नाहीत. मधेच कसं उठवणार?"

हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

"मुद्दाम केलंस हे तू."

"फोटो बाहेर गेला तो मुद्दाम नाही," तो म्हणाला. "दाखवलं ते मुद्दाम. मला वाटलं, आळीतली गोष्ट आहे, बघून बघून बाजूची आळी बघेल."

"दाखवायचं कोणाला होतं?"

त्याने खुर्चीतल्या बाईकडे मान वळवली. ती त्याची आई होती.

"दोन वर्षं विचारतेय ती, तिथे जाऊन काय करतोस म्हणून. गेम आला तरी तिला काय कळणार? शेवटी नावं सरकणार, ती पण इंग्रजीत. तिला इंग्रजी येतं का?"

म्हातारीला आमचं भांडण कळलं नव्हतं, पण आपल्यावर बोलणं आलंय ते कळलं. ती उठून आली आणि गोठ्यातल्या एका उतारावर बोट ठेवून मला म्हणाली, "ही आमचीच गल्ली बाय. बघ, विहीर पण घातलीय. मी ताबडतोब ओळखली."

मी त्याला बाजूला घेऊन बोलले. "तुझ्या आईने बघितलं, छान झालं. माझ्या बाबांना मी नाव दाखवणार होते. ते मला खोटारडी समजतात. आता काय दाखवू?"

मी टोपलीतून फोन घेतला आणि निघाले.

सोमवारी सकाळी सरांच्या केबिनमध्ये तो स्वतःच गेला. मला सांगावं लागलं नाही. क्लायंटचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. काम आता शेवटाला आलंय म्हणून काढून घेत नाही, पण या माणसाने शहराला हात लावायचा नाही, तो देखावा ताबडतोब उतरवायचा, आणि आमच्यापैकी कोणाचंही नाव गेममध्ये येणार नाही. सरांनी हे उभ्यानेच वाचून दाखवलं. दुपारी तो आपला डबा घेऊन एकटाच जिन्यात जाऊन बसला. मीही त्याच्याकडे गेले नाही.

देखावा उतरवायला आळीने साफ नकार दिला. सरांनी मला त्याच्याबरोबर पाठवलं, आणि आळीतल्या कर्त्या मंडळींपुढे मी क्लायंटची बाजू मांडली. मंडळींनी ऐकून घेतलं. बाळ हलणार नाही, ते म्हणाले. शेवटी तोडगा निघाला की बाळ, मारिया आणि योसेफ पुढे तसेच राहतील, मागे एक साडी बांधून शहर झाकून टाकू. तशी जांभळी साडी बांधली. झालं उलटंच. पडद्यामागे असं काय आहे की ते बघू देत नाहीत, म्हणून बाकीच्या आळ्यांतले लोकसुद्धा भुईगावला यायला लागले. म्हातारी खुर्ची टाकून दिवसभर पहारा करत होती.

त्या आठवड्यात बाबांनी विचारलं, "ते नाव दाखवणार होतीस, त्याचं काय झालं?"

"आता येणार नाही नाव."

बाबांनी पेपरची घडी केली. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. आवाजात कुत्सितपणा नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. त्यांनी मला माफ केलं होतं. मी न केलेल्या कुठल्यातरी गोष्टीसाठी.

"चपला घाला," मी म्हटलं.

"कुठे?"

"चला फक्त."

तीन राजांच्या सणाची संध्याकाळ होती, उद्या सगळं उतरणार होतं. वाटेत बाबांनी दोनदा विचारलं, कुठे नेतेस, आणि एकदा, कोणाला भेटवायला नेतेस. मी गाडी चालवत राहिले. गोठ्यापाशी गर्दी पांगत आली होती. मी म्हातारीजवळ जाऊन हळूच म्हटलं, "हे माझे बाबा. यांना बघायचंय."

तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी तिच्याकडे. दोन्ही बाजूंनी सारखाच संशय. मग तिने आजूबाजूला नजर टाकली आणि साडीचं एक टोक वर धरलं.

बाबा वाकून आत शिरले. मी त्यांच्या मागे. साडीआडून येणारा उजेड जांभळा होता, आणि त्या उजेडात मी त्यांना सगळं सांगितलं. कागदांवर सह्या केल्या होत्या त्या सगळ्या मोडून सांगितलं. हा गेम आहे. हे त्यातलं शहर. बांधलं त्या म्हातारीच्या मुलाने आणि तपासलं मी. या गल्लीत माणूस अडकायचा. या पुलावरून पडायचा. दोन वर्षं मी इथे फिरतेय, बाबा.

बाबांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि बघायला लागले. घर, मग पुढचं घर, मग त्याची मागची बाजू. नारळवाल्याच्या डोळ्यांत बघावं तसं. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर म्हातारी खोकली, तरी ते हलले नाहीत.

"त्या हिरव्या दाराच्या घरात कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. नुसतं घर आहे."

"राहणार कसं कोण? दार वर आहे आणि रस्ता खाली. मधे पायरीच नाही. माणूस आत जाणार कसा?"

मी बघितलं. खरंच नव्हती. तो इतका प्रामाणिक कारागीर की शहरात होतं तसंच त्याने इथे उतरवलं होतं, चुकीसकट. आणि त्या दारावरून मी शेकडो वेळा गेले होते.

"बाबा," मी म्हटलं, "माझं काम हेच आहे. तुम्ही आत्ता केलंत ते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे? दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि हे सांगायला तुला दोन वर्षं लागली," ते म्हणाले, आणि परत शहराकडे वळले. आणखी काही सापडतंय का ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन आधी कॉम्प्युटरवरच्या हिरव्या दाराशी गेले. पायरी नव्हती. ती कोणीही बसवू शकलं असतं. दुपारी मी जिन्यात गेले, त्याचा डबा उघडा होता, मी त्याला म्हटलं, "चल, एक चूक राहिलीय तुझी." त्याला शहराला हात लावायला मनाई होती. तो माझ्या खुर्चीत बसला आणि मी केबिनच्या दाराकडे तोंड करून उभी राहिले. सर आले असते तर मी काय सांगणार होते ते मला आजही माहीत नाही. त्याने दगडाची एक झिजलेली पायरी केली, मधे थोडी खोल, पुष्कळ पाय पडून गेल्यासारखी. उठताना त्याने विचारलं, कोणी शोधली म्हणून. माझ्या बाबांनी, मी म्हटलं.

गेम बाजारात आला तेव्हा मी बाबांना मालाडच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेले. तिथे गिऱ्हाइकांनी खेळून बघावं म्हणून मशीन लावून ठेवलेलं असे. मला कुठून कसं जायचं ते पाठ होतं. दरवाजा, विहीर, उतार, पूल. हिरव्या दारापाशी आल्यावर मी थांबले आणि रिमोट बाबांच्या हातात देऊन कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. त्यांनी जोरात दाबलं. पडद्यावरचा माणूस पायरी चढून दारात उभा राहिला.

बाबांनी दुकानातल्या विक्रेत्याला हाक मारली. तो घाईघाईने आला. बाबा पडद्याकडे बोट करून त्याला म्हणाले, "ही पायरी आहे ना, ही आमची आहे."

विक्रेत्याने पडद्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की त्याचा आमच्यावर अजिबात विश्वास बसलेला नाही.